परत बोल, माझ्याकडे बघून

आमच्या बाईंनी आयुष्यात कधी गरम चहा प्यायला असेल असं मला वाटत नाही. कप ओठाला लावला की वॉर्डातून कोणी ना कोणी हाक मारायचंच. मग बाई कपावर बशी झाकून उठायच्या आणि परत यायच्या तेव्हा चहावर जाड साय धरलेली असायची. पुढे पुढे त्यांनी याचं एक तत्त्वज्ञानच करून टाकलं. गरम चहा पिणारी माणसं उतावळी असतात, असं त्या आम्हा शिकाऊ पोरींना बजावायच्या. आमच्या डॉक्टरसाहेबांना चहा वाफाळता लागायचा, त्यामुळे हा टोमणा कोणाला आहे हे सगळ्यांना कळायचं, डॉक्टरांनासुद्धा.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. पनवेलला खाडीच्या अंगाला वीस खाटांचा एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे बाई मुख्य नर्स आणि मी अठरा वर्षांची, नुकती दाखल झालेली. आता जिथे नवीन पनवेलच्या इमारती दिसतात तिथे तेव्हा नुसती भातखाचरं होती. मिठागरांवरची आणि उरणकडची माणसं आजारी माणसाला होडीत घालून खाडीतून आणायची. त्यामुळे आम्ही घड्याळापेक्षा भरतीकडे जास्त बघायचो. भरती आली की चादरी बदलून तयार राहा, हा बाईंनी मला दिलेला पहिला धडा.

बाई दिसायला काही खास नव्हत्या. ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि पायात पुरुषी चपला, कारण बायकी चपला म्हणे धावताना दगा देतात. त्यांना घरचं कोणी होतं की नाही हे आम्हाला कधी कळलं नाही. विचारायची छातीही झाली नाही. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर मात्र एक पांढरी तिरकी रेघ होती, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. इंजेक्शनची काचेची कुपी बोटाने मोडताना कधीतरी काच खोल घुसली होती. आम्हाला त्या शिकवायच्या, कुपीला आधी कापूस गुंडाळा आणि मग मोडा. स्वतः मात्र कधी कापूस घ्यायच्या नाहीत. "तुमचा अंगठा अजून नवा आहे, माझा वापरून झालाय," असं म्हणायच्या.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे त्या रोग्याची परवानगी मागायच्या. सुई टोचायच्या आधी, पट्टी सोडायच्या आधी, नुसती कूस बदलायच्या आधीसुद्धा. "आता टोचते हं. चालेल ना?" असं विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत सुई हातात धरून उभ्या राहायच्या. बेशुद्ध माणसालाही विचारायच्या. तो काय कपाळ उत्तर देणार? पण बाई दोन-तीन श्वास थांबायच्या आणि मगच टोचायच्या. डॉक्टर दारातून म्हणायचे, "काय बाई, हो म्हणाला का?" तर बाई म्हणायच्या, "नाही म्हणाला नाही." आम्ही पोरी तोंडाला पदर लावून हसायचो. मी तर रात्री खोलीवर त्यांची नक्कल करून दाखवायची आणि टाळ्या मिळवायची.

दुसरी खोड जरा जाचक होती. वॉर्डात रोग्याच्या उशाशी कोणी खोटं बोललेलं त्यांना खपायचं नाही. एखादी पोर म्हणाली, "हो बाई, आजोबांना दूध पाजलं," आणि बाईंना शंका आली, की त्या हातातलं काम ठेवून समोर यायच्या, हनुवटीला दोन बोटं लावून तोंड वर करायच्या आणि म्हणायच्या, "परत बोल. माझ्याकडे बघून." बस्स, एवढंच. आवाज चढवायच्या नाहीत, डोळे वटारायच्या नाहीत. पण खोटं परत बोलायला भल्याभल्यांची जीभ उचलायची नाही. आमचा वॉर्डबॉय पक्का बेरकी होता. तोसुद्धा एकदा त्या दोन बोटांच्या वर हनुवटी ठेवून ढसाढसा रडला होता आणि चोरलेली साबणाची वडी काढून दिली होती.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाई, रोग्याला बरं वाटावं म्हणून थोडं खोटं बोललं तर काय बिघडलं?" तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं बोलायला त्याचे नातेवाईक आहेत, डॉक्टर आहेत, देवळातला गुरव आहे. एक तरी माणूस खरं बोलणारं नको का त्याच्या वाट्याला?"

"पण घरच्यांनी सांगू नका म्हणून हात जोडले तर?"

"मग गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे."

त्यांचं हे गप्प बसणं मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. गावातले एक निवृत्त मास्तर पोटाच्या दुखण्याने आले होते. दुखणं जाणारं नव्हतं. त्यांच्या मुलाने आम्हा प्रत्येकीला गाठून शपथा घातल्या होत्या, आप्पांना कळू देऊ नका. एका सकाळी मास्तरांनी बाईंना विचारलं, "बाई, मी बरा होणार ना?" बाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या पायाशी गेल्या आणि चादर नीट करायला लागल्या. एक कोपरा ओढला, दुसरा ओढला, हाताने एकेक सुरकुती मोडली. मास्तर बघत राहिले. मग म्हणाले, "अस्सं. मग न्हाव्याला बोलवा. आणि एक चांगली दौत-टाक द्या." पुढचे आठ दिवस त्यांनी पत्रं लिहिली, जुन्या भांडणातल्या एका भावाला बोलावून घेतलं आणि शांतपणे गेले. मुलगा बाईंवर तुटून पडला. बाई एवढंच म्हणाल्या, "मी कुठे काय बोलले?" मला तेव्हा त्या दगडाच्या काळजाच्या वाटल्या. अठराव्या वर्षी माणसाला सगळं कळतंय असं वाटतं, त्यातला प्रकार.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

एका दुपारी भरतीबरोबर एक होडी आली. उरणकडची कोळ्याची सून, बाळंतपणात अडलेली. पोर विशीचीसुद्धा नसेल. नवरा दर्यावर मासेमारीला गेलेला, तीन दिवसांनी यायचा. सोबत सासू आणि होडी वल्हवणारा शेजारी. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाले, पोट उघडून मूल काढायला हवं, कागदावर घरच्या माणसाचा अंगठा घ्या.

तेव्हा पद्धत अशी होती की बाईमाणसाचं ऑपरेशन असलं तर नवऱ्याचा नाहीतर सासरच्या वडीलधाऱ्या माणसाचा अंगठा लागायचा. त्याशिवाय डॉक्टर सुरीला हात लावायचे नाहीत. वाईट नव्हते ते. पण मागे एकदा एका दगावलेल्या रोग्याच्या भावकीने त्यांना दवाखान्याच्या पायरीवर धरून मारलं होतं, तेव्हापासून ते कागदाला फार भ्यायचे.

मी कागद आणि शाईची डबी घेऊन सासूकडे गेले. म्हातारीने दोन्ही हात पदरात लपवले.

"नाय गो पोरी. माज्या लेकीच्या टायमाला मुंबयच्या दवाखान्यात असाच कागद आनला व्हता. मीच आंगठा दिला. लेक परत नाय आयली. आता सुनंचा पन मीच देऊ? माजा पोर येऊं दे दर्यावरशी. त्यो काय तो देईल."

मी समजावलं, डॉक्टर रागावले, शेजाऱ्याने पाया पडून सांगितलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली ती बसली. तिच्या डोळ्यांसमोर तिची लेक होती, तिला आमचं काय ऐकू येणार? आत सून ओरडत होती. मग ओरडणं कमी कमी होत गेलं, ते जास्त वाईट होतं. दुपार टळली, ओहोटी लागली, दिवेलागण व्हायला आली.

बाई मुलीच्या उशाशी गेल्या. मी तिचे पाय धरून उभी होते, म्हणून प्रत्येक शब्द मी ऐकलाय. बाई वाकून म्हणाल्या, "तुझं पोट उघडून बाळ काढायचंय. त्यात धोका आहे. न काढण्यात जास्त धोका आहे. करू का?"

आणि नेहमीसारख्या थांबल्या. मुलीने डोळे उघडले.

"करा बाय. लय थकलंय मी. करा."

बाई डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, ती हो म्हणतेय. डॉक्टर म्हणाले, "तिचं हो चालत नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे." बाईंनी माझ्याकडून कागद आणि शाईची डबी घेतली आणि पट्ट्यांच्या खोलीत गेल्या. दार पुरतं लागलेलं नव्हतं. त्यांनी शाईच्या डबीत उजवा अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला, सावकाश. मग स्पिरिटने अंगठा पुसला. बाहेर येऊन कागद डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि काही न विचारता हात धुवायला गेले.

मुलगी झाली, जिवंत आणि खणखणीत रडणारी. पण आईच्या पोटात विष पसरलं होतं. डॉक्टर हात धुता धुता पुटपुटले, "दुपारी उघडलं असतं तर वाचली असती." ते बाईंनी ऐकलं आणि मीही ऐकलं. चौथ्या दिवशी ती गेली. नवरा आदल्याच संध्याकाळी पोचला होता, म्हणजे दोघांना एक रात्र तरी मिळाली. बाईंनी नियम मोडून त्याला खाटेपाशी बसू दिलं होतं.

मग त्याने विचारलं, पोट फाडायला हो कोण म्हणालं?

दवाखान्याच्या कमिटीची माणसं जमली. टेबलापलीकडे तिघं, त्यांत एक वकील. अलीकडे डॉक्टर, बाई आणि मी. दाराशी नवरा आणि जमिनीवर म्हातारी, मांडीवर चार दिवसांची नात. वकिलांनी कागद वर धरला. अंगठा शाईने असा भरला होता की लांबून नुसता निळा डाग दिसत होता. खाली मी त्या दुपारीच लिहून ठेवलेलं होतं, सासूचा अंगठा.

"नाय दिला मी," म्हातारी म्हणाली. "देवीची आन, नाय दिला."

लेक तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. "आये, तायच्या टायमाला पन तूच दिलास. आता पन तूच."

"नाय रे पोरा, नाय."

वकिलांनी मला विचारलं, "तुम्ही तिथे होतात. अंगठा कोणी दिला?"

मला वाटलं, आता बाईंना वाचवणारी मीच. त्यांनी एका मुलीचा जीव वाचवायला जे केलं त्याची त्यांना शिक्षा होऊ द्यायची नाही, एवढंच डोक्यात होतं. म्हातारीचा विचार मनात आलाच नाही. खरं सांगायचं तर आला होता, एका क्षणापुरता आला होता, पण ती कोण, कुठली, आजच्या ओहोटीबरोबर निघून जाणारी. मी म्हणाले, "आजींनी दिला. मी पाहिलं."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. ती चिडली नाही की ओरडली नाही. तिला बहुधा क्षणभर वाटलं असावं की आपणच दिला की काय. लेकाने तिच्या मांडीवरचं मूल उचललं आणि म्हणाला, "आजपासना तू माजी आय नाय."

बाई खुर्चीवरून उठल्या. माझ्यासमोर आल्या. दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली.

"परत बोल. माझ्याकडे बघून."

मी डोळे मिटून घेतले. बाईंनी थोडी वाट पाहिली आणि बोटं काढून घेतली. "म्हातारीचं काय करायचं मग?" एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल इतकं. मग टेबलावरची शाईची डबी ओढून त्यांनी उजवा अंगठा बुडवला आणि त्याच कागदावर, पहिल्या अंगठ्याच्या शेजारी, हलकाच टेकवला. या खेपेला शाई कमी होती. ठशाच्या मधून तिरकी पांढरी रेघ स्वच्छ उमटली. वकिलांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग पहिल्या ठशातही ती रेघ त्यांना दिसली.

"कागद खोटा केला, हे कबूल," बाई म्हणाल्या. "पण परवानगी होती. जिचं पोट होतं तिने दिली होती. तुमच्या कागदावर तिला जागा नव्हती."

नवऱ्याने मूल परत म्हातारीच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. बाईंना त्याच आठवड्यात काढून टाकलं. निरोप-समारंभ वगैरे काही झाला नाही. त्यांनी पत्र्याची ट्रंक उचलली, प्रत्येक खाटेपाशी थांबून रोग्याला विचारलं, "जाऊ का?" आणि उत्तराची वाट पाहिली. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. मी दाराशीच उभी होते.

बाई नदीपलीकडे विचुंब्याला एका जुन्या रोग्याच्या घरामागच्या खोलीत राहतात, गावातल्या बायकांची बाळंतपणं करतात, असं कानावर यायचं. मी जायचं ठरवायची. दोनदा गाढी नदीपर्यंत जाऊन परत आले. काय तोंड दाखवणार? लग्न झालं, नोकरी चालू राहिली, माझ्या हाताखाली शिकाऊ पोरी आल्या. मी रोग्यांना विचारायला लागले, "टोचते हं, चालेल ना?" पोरी पाठीमागे हसायच्या. बहुतेक रात्री खोलीवर माझी नक्कलही होत असेल.

सहा वर्षांनी एका दुपारी मी नदी ओलांडली. खोलीच्या दारात एक लहान मुलगी शिंपले मांडून बसली होती. आत बाई आणि समोर जमिनीवर म्हातारी. मध्ये सुक्या बोंबलांची जुडी आणि दोन कप, एक रिकामा आणि एक बशीने झाकलेला. म्हातारी वर्षातून दोनदा नातीला घेऊन यायची म्हणे, पोर नीट वाढते की नाही ते बाईंनी बघावं म्हणून.

मी बाईंच्या पायांशी बसले. सहा वर्षं पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसती रडायला लागले. "माफ करा बाई," एवढंच आलं.

"मला कशाला?" बाई म्हणाल्या. "ही बसलीय ना समोर. हिची माफी माग."

म्हातारीने डोळे बारीक करून मला न्याहाळलं. "ही ती खोटी बोलनारी पोर का गो?" आणि बोळकं उघडून हसली. मी तिच्या पायांना हात लावला तर तिने माझे हात धरून ठेवले. "जाऊं दे. लान व्हतीस." मग तिचं हसू गेलं. हात मात्र तिने सोडले नाहीत.

"पन मना एक सांग. तू व्हतीस ना तवा. मी दुपारीच आंगठा दिला असता, तं वाचली असती का गो ती?"

मी बाईंकडे बघितलं. त्या बोंबलांची जुडी बांधत होत्या.

"तिला नको इचारू," म्हातारी म्हणाली. "दर खेपेला इचारतंय मी तिला. ती काय बोलत नाय. उठते नि चादर सारखी करते. बोलत नाय म्हंजे वाचली असती, असाच नं?"

दारात पोरगी शिंपल्यांशी काहीतरी बडबडत होती. तिचा आवाज आईसारखा असेल का, हे मला कळायला मार्ग नव्हता. तिच्या आईचे मी मोजून पाच-सहा शब्द ऐकले होते. आणि डॉक्टर हात धुता धुता जे म्हणाले तेही ऐकलं होतं.

"नाही आजी," मी म्हणाले. "नसती वाचली. दुपारी दिला असतात तरी नसती."

म्हातारीने माझा एक हात सोडला. तिची खरबरीत दोन बोटं माझ्या हनुवटीखाली आली. कमिटीपुढे तिने पाहिलं होतं ते, ती विसरली नव्हती.

"परत बोल. माज्याकडं बघून."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. पापणी लवू दिली नाही.

"नसती वाचली, आजी."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिचे खांदे सैल झाले, तिने पदर तोंडाला लावला आणि सहा वर्षांचं रडू रडली. मी तिला धरून बसले. बाई आता माझ्यासमोर येतील, याची मी वाट पाहत होते.

बाई उठल्या. आमच्याकडे पाठ करून खाटेपाशी गेल्या आणि चादर नीट करायला लागल्या. एक कोपरा ओढला, दुसरा ओढला, हाताने एकेक सुरकुती मोडत राहिल्या. त्या चादरीवर सकाळपासून कोणी बसलंसुद्धा नव्हतं.